बिनउन्हाची कोथिंबीर

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मन लावून संतापणारं माणूस अख्ख्या गिरगावात दुसरं नसेल. तशी चिडकी माणसं पुष्कळ असतात, पण ती चिडतात, ओरडतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरून जातात. आमच्या वन्संचं तसं नाही. त्या संतापाची रीतसर मशागत करतात. सकाळी पेपरवाल्याने पेपर चुरगाळून कडीत खोचला की पेरणी होते, दुपारपर्यंत चांगली वीतभर वाढ होते आणि संध्याकाळी दादरला आमच्या घरचा फोन वाजतो तेव्हा पीक कापणीला आलेलं असतं. ते सगळं मी आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, लग्न झाल्यापासून बसल्या जागी पचवलेलं आहे.

मी त्यांना ‘वन्सं’ म्हणते याचं कारणही त्यांचा संतापच. नवी नवरी होते तेव्हा साधं ‘ताई’ म्हणून बघितलं होतं. "ताई म्हणू नकोस मला," त्या म्हणाल्या, "ताई मला भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, मतं मागायला येणारे म्हणतात. तुझं-माझं काही नातं आहे की नाही?" तेव्हापासून, आजूबाजूच्या बायका हसल्या तरी, मी वन्संच म्हणते. लग्न त्यांनी केलं नाही. बघायला आलेल्या मुलाने चंद्र स्वतःच्या उजेडाने चमकतो असं काहीतरी म्हटलं आणि तिथेच ते स्थळ मोडलं, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. खरंखोटं त्यांना विचारायची छाती कुणाची नाही. आयुष्यभर त्यांनी शाळेत सायन्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण आवाज राहिला. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचं दार उघडं राहिलं की आतून एक बाई रेकॉर्डवर गोड आवाजात दरवाजा बंद करायची विनंती करते. वन्सं आत शिरता शिरताच ती सुरू होते. "करतेय ना! पाय तर आत घेऊ देशील?" वन्सं तिला सुनावतात. हे भांडण रोजचं आहे, आणि इतक्या वर्षांत त्या बाईने एकदाही माघार घेतलेली नाही, हा वन्संचा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

या संतापी बाईचा एक हळवा कोपरा होता, तो म्हणजे त्यांची पश्चिमेची बाल्कनी. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत त्या कोथिंबीर, पुदिना, शेपू लावायच्या. दुपारचं ऊन थेट त्या डब्यांवर यायचं. आम्ही गेलो की निघताना कोथिंबिरीची एक जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत पडायचीच, आणि घरी पोचेपर्यंत टॅक्सीभर तिचा वास सुटायचा. मग समोरची दोन जुनी घरं पाडली आणि तिथे टॉवर उभा राहिला. किती मजली ते मला ठाऊक नाही, मान मागे टाकून बघायला लागते एवढं खरं. बाल्कनीतलं ऊन गेलं ते गेलंच. कोथिंबीर पिवळी पडली, शेपू काडीसारखा उंच होऊन आडवा झाला.

दुसऱ्या कुणी उसासा टाकला असता. वन्सं पोलीस चौकीत गेल्या. सोबत भावाला नेलं होतं, त्यामुळे ही हकिगत मला घरबसल्या कळली. 

"काय चोरीला गेलं, बाई?" हवालदाराने विचारलं. 

"ऊन." 

त्याने पेन खाली ठेवलं. "ऊन कुणाच्या नावावर होतं?" 

"आमच्या आजोबांच्या काळापासून कब्जा आमचा आहे," वन्सं म्हणाल्या. "रोज दुपारी चार तास. विचारा कुणालाही." 

हवालदार भला माणूस होता. त्याने दोघांना चहा पाजला आणि त्याच्याही खोलीत ऊन येत नाही असं सांगितलं. त्यामुळे वन्संचा संताप कमी तर झाला नाहीच, उलट त्यांना त्या हवालदाराच्या वतीनेही संतापावं लागलं.

त्याच सुमाराला त्यांना ताप आला. साथ होती, घरोघरी लोक आजारी होते. वन्संनी चार-सहा दिवस अंथरूण धरलं, डॉक्टरला दोन व्याख्यानं दिली आणि बऱ्या झाल्या. पण आता बाल्कनीत काही उगवत नव्हतं, तेव्हा कोथिंबीर बाजारातून आणायची वेळ आली. आणि इथून खऱ्या लढाईला तोंड फुटलं. कारण बाजारातल्या कोथिंबिरीला वास नव्हता.

"वास नाही म्हणजे मुळीच नाही गं, नीला," त्या फोनवर मला म्हणाल्या. "गवत विकतात हे लोक! गटाराच्या पाण्यावर वाढवलेलं गवत!" गिरगावातले भाजीवाले झाले, भुलेश्वरचे झाले, मग त्या आमच्याकडे दादरला आल्या आणि मला घेऊन बाजारात फिरल्या. प्रत्येक जुडी उचलायची, नाकाशी धरायची आणि टोपलीत आपटायची. "यात काय आहे? सांगा ना, काय आहे यात?" एक म्हातारी भाजीवाली बिचारी म्हणाली, "माय, सकाळीच खुडलीय." "मग परत लाव!" वन्सं म्हणाल्या. मी मागे उभी राहून डोळ्यांनीच त्या बाईची क्षमा मागत होते, आणि मलाही राग यायला लागला होता. भाजीवालीचा नव्हे, वन्संचाही नव्हे. इतक्या मोठ्या शहरात एका बाईला तिच्या मनासारखी एक जुडी मिळू नये, याचा. वन्संच्या आमटीत हिंग दुप्पट पडायला लागला, त्यालाही आम्ही बाजारातला भेसळीचा हिंग हेच कारण धरलं.

मग कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की आता बंद खोलीत, मातीशिवाय, उन्हाशिवाय, एकावर एक फळ्या रचून भाजी पिकवतात. मुंबईतच पिकवतात. परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात काही तरुण मुलांनी अशी जागा थाटली होती. वन्सं तिथे गेल्या आणि मलाही ओढून नेलं. आत शिरायच्या आधी डोक्याला टोपी, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. आत थंडगार, आणि जमिनीपासून छतापर्यंत हिरवेगार मजलेच मजले. खरं सांगते, मी थक्क झाले. पाणी नळ्यांतून झुळझुळ वाहत होतं, वापरलेलं पाणी पुन्हा वर जात होतं, एक कीड नाही, एक पिवळं पान नाही. वन्संसुद्धा पहिल्या रांगेपर्यंत गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं काय आहे?" 

"लेट्यूस आहे, आंटी. हे रोमेन, हे बटरहेड, हे..." 

"मेथी कुठाय?" 

"मेथीला मार्केट नाहीये, आंटी." 

त्या मुलाला मी दोष देत नाही. विजेचं बिल भागवायचं तर महागडा पालाच विकायला हवा. पण असं बोलल्यावर काय होणार हे मला दिसत होतं. "मेथीला मार्केट नाही?" वन्संचा आवाज त्या थंड खोलीत घुमला. "ज्या गिरणीत कामगारांच्या तीन पाळ्या मेथी-भाकरी खाऊन राबल्या, तिथे उभा राहून सांगतोस, मेथीला मार्केट नाही? चाकवताने काय घोडं मारलं? माठाने काय पाप केलं? सँडविचमध्ये घालायचं ओलं वर्तमानपत्र पिकवायला एवढी अक्कल खर्च केलीत?" मुलं नम्र होती. त्यांनी शेवटी वन्संना काथ्याचा भुसा कुठे मिळतो, पंप कुठला घ्यावा, पाण्यात खत किती घालावं हे सगळं नीट समजावून दिलं. बहुधा लवकर जाव्यात म्हणून.

आठवडाभरात वन्संची आतली खोली रिकामी झाली. पलंग बाहेर आला, कपाट गॅलरीत गेलं, आणि भिंतीला लागून लोखंडी मांडण्या उभ्या राहिल्या. वर दिवे, खाली पांढऱ्या नळ्या, नळ्यांच्या भोकांत भुशाचे गोळे, त्यांत बी. खोलीला एसी बसवला. स्वतःसाठी त्यांनी उभ्या जन्मात एसी घेतला नव्हता. भर मे महिन्यात मेथी गारव्यात आणि वन्सं बाहेर पंख्याखाली, घाम पुसत. "त्यांना सोसत नाही उकाडा," त्या म्हणायच्या, जणू माहेरपणाला आलेल्या लेकींबद्दल बोलत असाव्यात. पुण्याचे एक चुलत दीर मुक्कामाला आले, तर त्यांना जागेअभावी मांडण्यांच्या मधल्या बोळात गादी घालून दिली. दुपारी दिवे बंद करता येणार नाहीत हे आधीच बजावलं होतं. दुपारच्या झोपेतून उठून ते बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, स्वप्नात मी पालक झालो होतो." हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं म्हणून बरं.

आणि पीक आलं! काय सांगू, असं पीक मी पाहिलेलं नाही. माठ लालबुंद, मेथी अशी दाट की बोट शिरू नये, आणि कोथिंबीर तर हाताएवढी उंच, प्रत्येक पान धुवून ठेवल्यासारखं. इमारतीतल्या बायकांना वन्सं जुड्या वाटायच्या. बायका म्हणायच्या, "काय घमघमाट आहे हो!" आणि वन्संच्या कपाळावर आठी चढायची. "फुकट मिळतंय म्हणून तोंडभर कौतुक," दार लागलं की त्या म्हणायच्या. "या इमारतीत खरं बोलणारं एक माणूस नाही. अजून वास येत नाहीये. कुठेतरी चुकतंय." त्या खत बदलायच्या, दिव्यांची उंची बदलायच्या, पाणी उकळून गार करून घालायच्या. एकदा काळ्या घोड्याजवळच्या एका हॉटेलचा शेफ कुणाकडून तरी ऐकून आला. तरुण, उत्साही. त्याने एक काडी मोडली, हातावर चोळली, नाकाशी नेली आणि डोळेच मिटले. "आंटी, क्या खुशबू है! जितना भी है सब दे दो, हर हफ्ते." वन्संनी त्याच्या हातातली काडी काढून घेतली. "मस्का नको," त्या म्हणाल्या. "ज्याला नाक नाही त्याने स्वयंपाक करू नये." आणि त्याला चक्क बाहेर काढलं. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर त्यांच्याशी भांडले, आयुष्यात पहिल्यांदा. असं चोखंदळ गिऱ्हाईक दारात आलं आणि त्याला खोटारडं ठरवून हाकललंत? "खोटारडाच होता," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं समेट करायला गेलो. लिफ्ट बंद होती. नवरा जिन्यात दमून मागे राहिला, मी पुढे जाऊन बेल वाजवली. वन्संनी दार उघडलं, हातात गॅसचा लायटर. आणि त्यांच्या मागून वासाचा असा लोट आला की मला ठसकाच लागला.

"वन्सं, गॅस!" 

"काय गॅस? चहाच टाकतेय. बस."

मी आधी तो लायटर हिसकावला आणि स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता, बटण तसंच उघडं. ते बंद केलं, खिडक्या उघडल्या, तशीच आतल्या खोलीत जाऊन तिथलीही खिडकी सताड उघडली. एसीचा गारवा जाईल म्हणून ही खिडकी महिनोन्‌महिने बंद होती. वन्सं माझ्या मागे. "वेड लागलंय का तुला? एसी चालू आहे! माझी कोथिंबीर करपेल!" 

"वन्सं, घरभर गॅस पसरलाय. जिन्यापर्यंत वास येतोय!" 

"मला कसा येत नाही मग?" 

हा प्रश्न त्यांनी मला दरडावून विचारला होता. पण विचारून झाल्यावर त्या तिथेच थांबल्या. तेवढ्यात नवरा धापा टाकत आत आला आणि दारातूनच ओरडला, "अक्का, गॅस उघडा आहे का गं?"

आम्ही तिघं बाहेर जिन्यात जाऊन बसलो. वारा लागून घर मोकळं व्हायला बराच वेळ गेला.  परत आत गेलो तेव्हा वन्संचा आवाज वेगळाच होता, वर्गातला. 

"बाळू, खुर्चीवर बस. नीला, नॅपकिन आण." 

त्यांनी भावाचे डोळे बांधले. मांडणीवरून एकेक काडी खुडली आणि हात न लावू देता त्याच्या नाकाखाली धरली. 

"कोथिंबीर," तो म्हणाला. "पुदिना. हा शेपू. परत कोथिंबीर. अक्का, काय चाललंय काय?" 

"गप बस." त्यांनी रिकामी चिमूट धरली. 

"आता काही नाहीये," तो म्हणाला.

त्यांनी नॅपकिन सोडला, स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. "आता मला. आणि खबरदार, कुणी दया दाखवली तर."

मी एक काडी धरली. त्यांनी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. "धर ना," त्या म्हणाल्या. 

"धरलंय, वन्सं. नाकाला टेकलंय." 

त्यांचा हात हळूहळू वर आला. बोटांनी त्यांनी ते पान चाचपलं, ते केसांसारखे बारीक तंतू. "शेपू," त्या म्हणाल्या. दुसरी काडी धरली. पुन्हा तेच, आधी श्वास, मग हात. "पुदिना. पान खरखरीत आहे." मला पुढची काडी धरवेना. माझ्या नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

वन्संनी नॅपकिन काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि मांडण्यांकडे बघत म्हणाल्या, "निष्कर्ष. भाजीचा दोष नाही."

नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या तापानंतर अनेकांचं असं झालंय, ते म्हणाले. परत येईल, कदाचित येणारही नाही. रोज ठरावीक वास मन लावून हुंगत राहा. वन्संनी त्यांना उलटून एकही प्रश्न विचारला नाही. पुढचे काही दिवस संध्याकाळचा फोन आला नाही. फोन आला की वैतागणारे आम्ही दोघं तो येत नाही म्हणून एकमेकांकडे बघत बसायचो.

मग त्या उठल्या आणि आधी घरात गॅस गळला की वाजणारी घंटी बसवून घेतली. नंतर निघाल्या बाजारात. ज्या ज्या भाजीवाल्याशी भांडल्या होत्या त्या त्या प्रत्येकापाशी जाऊन त्यांनी सांगितलं, "तुझ्या कोथिंबिरीला वास होता. चूक माझी होती. भाव मात्र तू जास्त लावतोस, त्यावर मी ठाम आहे." शेफला त्यांनी निरोप धाडला. तो खरंच आला, जराही राग न धरता. आता दर आठवड्याला येतो. नेण्याआधी त्याला प्रत्येक जुडी हुंगून वास कसा आहे ते सांगावं लागतं, आणि ‘मस्त’, ‘फर्स्ट क्लास’ असे शब्द चालत नाहीत. मांडण्या तशाच उभ्या आहेत. इमारतीतली निम्मी घरं वन्संचीच मेथी खातात. विजेच्या बिलावरून, चाकवताला नाकं मुरडणाऱ्या पोरांवरून, पंपाच्या आवाजावरून पुन्हा संध्याकाळी फोन यायला लागले आहेत. फक्त रोज सकाळी वन्सं मांडण्यांच्या खोलीत एकट्या जातात, एकेक पान चुरडून नाकाशी धरतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात. त्या वेळी कुणी हाक मारलेली त्यांना चालत नाही.

परवा मी त्यांना कापणीला मदत करत होते. कोथिंबिरीची एक जुडी बांधता बांधता त्या अचानक म्हणाल्या, "नीला, सांग बघू, कसा येतोय?" 

"छान येतोय." 

"छान म्हणजे काय? मराठी माध्यमात शिकलीस ना?" 

मी विचारात पडले. वास कसा सांगायचा? हिरवा म्हटलं, त्यांनी मान हलवली. ताजा म्हटलं, "ते मासळीलाही म्हणतात." मग मला एकदम आठवलं आणि मी म्हटलं, "लहानपणी मला ताप आला ना, की आई स्वयंपाकघरातून तशीच उठून यायची, कोथिंबीर निवडता निवडता. ओला हात माझ्या कपाळावर ठेवायची. त्या हाताला यायचा तसा."

मला वाटलं होतं, आता विचारतील, ताप किती होता, थर्मामीटर होता की नाही घरात. पण हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं असं काहीतरी त्यांनी केलं. जवळ येऊन आपला ओला, गार हात माझ्या कपाळावर ठेवला.

"असा?" 

"असाच," मी म्हटलं आणि डोळे मिटले. वन्संनी बराच वेळ हात काढला नाही.